डिंकाचे लाडू आणि दुसरं इंजेक्शन

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असा आमच्याकडे नेम आहे. मेधाच्या बाबतीत तो मोडायची वेळ आली, कारण ती ओमानला, आणि डॉक्टरांनी तिला विमानात बसायची मनाई केलेली. तेव्हा मुलीला माहेरी आणण्याऐवजी माहेरच उचलून ओमानला न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे मी, एक सुटकेस, बाळंतकाढ्याच्या पुड्या आणि डिंकाच्या लाडवांनी भरलेला पत्र्याचा मोठा डबा. आमचे हे पोफळींच्या शिंपण्याचं निमित्त सांगून देवरूखलाच राहिले.

जावयांनी, म्हणजे गिरीशरावांनी, फोनवर एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. काहीही आणा, पण खसखस आणू नका. त्या देशात खसखस म्हणजे अफूची बहीण, आणणाऱ्याला थेट आत टाकतात. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. कोणी मला तीनतीनदा सांगितलं की मला ते आपोआपच कमी महत्त्वाचं वाटायला लागतं. शिवाय खसखशीशिवाय बाळंतिणीचे लाडू होतात का? मी ती भाजून, कुटून लाडवांतच वळली. मस्कतच्या विमानतळावर पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घातलेल्या अधिकाऱ्याने डबा उघडला, एक लाडू उचलून वास घेतला आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, "बेबी." त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, काहीतरी गोंधळ झालाय एवढं त्याला कळलं आणि त्याने हसून मला जाऊ दिलं. गिरीशरावांना हे मी गाडीत अभिमानाने सांगितलं, तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबवली. एवढ्या तेवढ्याने घाबरणारा माणूस, असं माझं मत झालं.

वादी अदाई

वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. मस्कतच्या या वस्तीत मुलीची इमारत अशाच नदीच्या कडेला होती आणि भोवती चारी बाजूंनी डोंगर. आमच्याकडे डोंगर म्हटला की काहीतरी हिरवं लागतं, निदान करवंदाची जाळी तरी. इथले डोंगर बोडके, तपकिरी आणि सकाळी सातलाच तापलेले. इमारतीखालच्या दुकानात मात्र अळूची पानं, कोकम आणि आपली लोणची सगळं मिळत होतं. शेजारच्या बिऱ्हाडात वर्तक वहिनी होत्या. वीस वर्षं इथे असल्यामुळे त्यांना या देशातलं सगळं माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं तेही त्या तितक्याच ठामपणे सांगत.

तिसऱ्या दिवशी मी मेधाबरोबर तिच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचं गरोदरपणाचं कार्ड पाहिलं, रक्ताचा नवा रिपोर्ट पाहिला आणि शांतपणे सांगितलं की हिच्या रक्तात हेपॅटायटिस बी आहे, म्हणजे काविळीचा एक प्रकार. आज हिला काही त्रास नाही, कदाचित पुढेही बरीच वर्षं होणार नाही. पण बाळंतपणात तो बाळाला लागू शकतो आणि बाळाला लागला तर जन्मभर राहतो, मोठेपणी यकृताची नासाडी करतो. उपाय सोपा होता. जन्मल्यावर बारा तासांच्या आत बाळाला दोन इंजेक्शनं द्यायची. तसं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी कार्डाला टाचली आणि बजावलं की बाळंतपण कुठेही होवो, ही चिठ्ठी पहिल्यांदा दाखवायची.

आता इथे माझ्या ज्ञानाचा हिशेब द्यायला हवा. पोलिओचे डोस पाजायला वाडीवाडीतून मुलांची फेरी काढणारी, आरोग्याच्या घोषणा मुलांकडून घोकून घेणारी, डोसाला न येणाऱ्या बायकांना 'अडाणी' म्हणणारी मी. डॉक्टरीणबाई बाळाबद्दल बोलत होत्या. मी विचारलेला पहिला प्रश्न होता, "पण हे आलं कोणाकडून?"

त्या म्हणाल्या, आता ते सांगता येत नाही. मी मनात म्हटलं, तुम्हाला येत नसेल.

घरी आल्यावर तपास सुरू झाला. लग्नाआधी गिरीशराव चार वर्षं कंपनीच्या कॅम्पात राहिलेले, एका खोलीत आठ जण. कोणाकोणाच्या हातचं खाल्लं, कोणत्या न्हाव्याकडे दाढी केली, देव जाणे. त्यांनी सांगितलं की आई, माझी तपासणी झाली आहे, माझ्यात काही निघालेलं नाही. आरोपीच्या तोंडच्या बोलण्याला किती किंमत द्यायची हे शाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. मी त्यांचं ताट, वाटी आणि पेला वेगळा केला. चुकून मिसळायला नको म्हणून मेधाच्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एकेक ठिपका तिन्ही भांड्यांच्या बुडाला दिला. आमच्याकडे जावई आला की पाट-रांगोळी करतात. मी त्यांना ठिपका दिला. ते जेवून स्वतःचं ताट स्वतः विसळून ठेवायला लागले. मेधा म्हणाली, "आई, हे ताटावाटी लागत नाही, डॉक्टर बोलल्या ना." मी म्हटलं, डॉक्टर काय, पुस्तकातलं बोलतात.

वर्तक वहिनींना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तरी दोन दिवसांत त्यांना सगळं माहीत होतं, कारण सल्ला विचारायला मीच गेले होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. हळद बंद करायची, पिवळ्याने पिवळं वाढतं. बाळाला अंगावर पाजायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हे बाहेर कळू द्यायचं नाही, कारण ज्याच्या घरात कावीळ निघते त्याचा व्हिसा रद्द होतो. मस्कतच्याच रुवी भागातल्या एका कुटुंबाला चोवीस तासांत परत पाठवलं म्हणे. कोणतं कुटुंब, ते त्यांना आठवत नव्हतं. मग त्या घरभर कोणी ऐकत नाही ना असं पाहून हळूच म्हणाल्या, "कार्डावर लिहून ठेवलंय ते पहिलं काढा."

मी घरी येऊन गिरीशरावांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. इथली नोकरी गेली तर देवरूखला परत जाऊन करायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो माझाही होता. बाळाचं नाव त्या संध्याकाळी आमच्या दोघांच्याही तोंडून निघालं नाही.

रुस्ताक

पुढच्या शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी रुस्ताक बघायचा हट्ट धरला. तिथे किल्ला आहे, गरम पाण्याचे झरे आहेत, बाजार आहे, असं मी कारण सांगितलं. खरं कारण वहिनींनी दिलं होतं. रुस्ताकच्या बाजारामागे एक म्हातारा काविळीवर डाग देतो.

डाग द्यायची रीत मला नवी नव्हती. आमच्या पंचक्रोशीत मनगटावर तापल्या सुईने डाग देणारा एक जण होता, गळ्यात काविळीची माळ घालणारा दुसरा, आणि नाकात रस पिळणारी एक बाई. माळ जसजशी लांब होऊन बेंबीपर्यंत उतरते तसतशी कावीळ उतरते, असं म्हणत. समुद्र ओलांडून इतक्या लांब यावं आणि तिथेही तोच विस्तव, तीच सळई भेटावी, याचं मला फार कौतुक वाटलं. नाहीतर या लोकांचं आणि आपलं काय जुळतं? ते पाहुण्याला आधी खजूर आणि इवल्याशा वाटीत काहवा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, देतात, आपण पाण्याचा तांब्या पुढे करतो. पण कावीळ झाली की दोघेही चुलीकडेच धावतो.

किल्ला आम्ही बाहेरूनच पाहिला. गरम पाण्यात मेधाने पाय सोडले, मी पदर खोचून घोट्यापर्यंत उतरले आणि शेवाळावरून घसरून जी बसले ती उठताच येईना. दोन ओमानी बायकांनी हात दिला, एकीने स्वतःच्या ओढणीने माझं तोंड पुसलं. भिजलेल्या लुगड्यानेच मी म्हाताऱ्याकडे गेले.

तो अंगणात खजुराच्या चटईवर बसला होता. शेगडीत निखारे होते, बाजूला तीन सळया. त्याने आधी काहवा पाजला, मेधाच्या हातात तीन खजूर ठेवले आणि मग तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, नखं पाहिली. गिरीशरावांचं अरबी म्हणजे कामावरचं अरबी. यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे झालं, आणि अर्बाबला म्हणजे मालकाला रजा मागण्यापुरतं. तेवढ्यावर ते दुभाषे झाले.

"ते विचारतायत, पिवळं कुठे आहे?"

मी म्हटलं, सांगा, रक्तात आहे.

म्हातारा हसला. त्याने सळया गुंडाळून ठेवल्या आणि गिरीशरावांना बरंच काही सांगितलं. त्याचा सारांश असा की डोळे पांढरे आहेत, तेव्हा हे माझं काम नाही. जे दिसतं त्यावर मी डाग देतो, जे रक्तात आहे त्याला इस्पितळात घेऊन जा, माझी सूनही तिथेच जाते. पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत. वर मेधाला पिशवीभर खजूर दिले.

जगातला एकमेव प्रामाणिक वैदू मला भेटला आणि मी त्याचं निम्मंच ऐकलं. 'इस्पितळात घेऊन जा' हे माझ्या कानांवरून गेलं. 'पिवळं नाही' एवढं पक्कं धरून मी निष्कर्ष काढला की पोरीला काही झालेलंच नाही, रक्ताच्या बाटल्या बदलल्या असणार. आणि जे झालंच नाही त्याची चिठ्ठी बाळगून व्हिसा धोक्यात घालायचा कशाला? घरी पोचल्याबरोबर मी कार्डाची टाचणी काढली आणि चिठ्ठी लाडवांच्या डब्यात, तळाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या खाली सरकवली. कस्टमवाल्यालाही ज्यातली खसखस सापडली नाही तो हा डबा, तिथे ती सुरक्षित होती.

गिरीशरावांनी मला ती सरकवताना पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गॅलरीत निघून गेले.

झोपायच्या आधी मेधाने आतून विचारलं, "आई, चिठ्ठी कार्डाला आहे ना?"

मी म्हटलं, "आहे गं."

सहम

सहमला, मस्कतपासून लांब किनाऱ्यावर, मी खाडीकाठच्या शाळेत होते तेव्हाचा माझा विद्यार्थी कासम होता. खाडीपलीकडच्या गावातून तरीतून शाळेला यायचा, पाढे म्हणताना बाराला अडखळायचा. आता सहममध्ये त्याचं किराणामालाचं मोठं दुकान आहे आणि दुकानामागे घर. बाई आल्यात कळल्यावर त्याने फोनवर फोन करून नेट लावला. गिरीशराव म्हणत होते, दिवस भरायला दहाच दिवस उरलेत, दोन-अडीच तासांचा प्रवास नको. पण माझा विद्यार्थी परदेशात दुकानदार झालेला मला बघायचा होता आणि खरं सांगायचं तर त्याला मीही परदेशात आलेली दाखवायची होती. मेधाला घरी एकटी ठेवता येईना, म्हणून तिलाही गाडीत घातलं.

बातिनाचा किनारा आला तसा माझा जीव जरा थाऱ्यावर आला. लिंबाच्या बागा, खजूर, मधूनच आंब्याचं झाड, पलीकडे सपाट समुद्र. कासम दारात उभा होता. पन्नाशीला टेकलेला, दाढी पिकलेली. मला पाहून त्याने हातातली सिगरेट मागे लपवली.

"बाई, कवा आलाव? या, बसा. आपलाच घर हाय."

त्याची बायको जुबेदा ही रत्नागिरीकडचीच. तिने तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. मासे मी खाते, आमच्याकडे खातात. चुलीपुढे बसून तिच्याच ताटलीतून तिसऱ्या चाखल्या आणि तीस वर्षांत असं सुकं खाल्लं नाही असं बोलून गेले. कासमने दुकानाच्या पाटीचं मराठी मला वाचायला लावलं. त्यात दोन चुका निघाल्या, त्या मी काढल्या आणि दोघांनाही बरं वाटलं. रात्री तिथेच राहिलो.

सकाळी मेधा न्याहारीला उठली ती कंबर धरूनच. रात्रीपासून दुखतंय, पण भाकरी जास्त झाली असेल म्हणून बोलले नाही, असं ती म्हणाली. जुबेदाने तिच्या पोटावर हात ठेवला आणि नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं. दहा मिनिटांत आम्ही इस्पितळात होतो.

कागदांच्या टेबलाशी एक मल्याळी नर्स होती. तिने गिरीशरावांकडून कार्ड घेतलं, पानं उलटली आणि हिंदीत विचारलं, काही तक्रार होती का, साखर, रक्तदाब, रक्तात काही? मागे कासम आणि जुबेदा उभे होते. त्यांच्या कानावर गेलं की आठवड्याभरात खाडीच्या दोन्ही काठांना कळणार, मेधाच्या सासूला कळणार, कंपनीला कळणार. गिरीशरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी म्हटलं, "सब नॉर्मल."

मेधाला आत नेलं होतं. तिने हे ऐकलं नाही.

बाराच्या सुमारास मुलगी झाली. काळंभोर जावळ, कासमच्या दुकानातल्या वजनाच्या दगडाएवढी घट्ट मूठ. मी तिला हातात घेतलं आणि मला एकदम रडू आलं. तेवढ्यात नर्सने येऊन तिच्या मांडीत एक सुई टोचली. मी घाईघाईने विचारलं, हे कसलं? काविळीची लस, ती म्हणाली, इथे जन्मणाऱ्या सगळ्याच बाळांना देतात. माझा जीव भांड्यात पडला. न सांगता काम झालं की. मग आठवलं, चिठ्ठीत दोन लिहिली होती.

मी विचारलं, दुसरं? नर्स म्हणाली, दुसरं कशाला? ते ज्या बाळाच्या आईच्या रक्तात असतं त्याला देतात. आणि ट्रे घेऊन ती पुढच्या खाटेकडे गेली.

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. समोर गिरीशराव येरझाऱ्या घालत होते. दोघांच्याही डोक्यात तेच चाललं होतं हे मला दिसत होतं. एक वाजला. डबा वादी अदाईला, चिठ्ठी डब्यात. आता जाऊन सांगायचं म्हणजे मघाशी खोटं बोलले हे आधी सांगायचं. आयुष्यभर मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं, स्वतः उठून उभं राहायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी फार घाबरले होते आणि मला माझी लाज वाटत होती.

दीडच्या पुढे जुबेदा पेजेचा डबा घेऊन आली. बाकावर माझ्या शेजारी बसली आणि सहज म्हणाली, "पोरीला दोन सुया दिल्यान काय?"

मी म्हटलं, एक दिली.

"एकच? म्हंजे तुमच्या मेधाच्या रक्तात न्हाय ती कावीळ. बरा झाला. माझ्या हाय ना. माझ्या धाकटीला दोन दिल्यान्. आता शाळेत जाते, रक्त तपासलान, काय न्हाय."

हे तिने बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. मी तिच्या ताटलीतून खाल्लेल्या तिसऱ्या आठवल्या. मग सुचला तो प्रश्न मी विचारला, आणि तो व्हिसाचा होता. जुबेदा हसली. म्हणाली, पाच वर्सां झाली, तेवीसदा इस्पितळात आली असेन, व्हिसाचा कोनी नाव काढलान न्हाय, डॉक्टरांना रक्ताशी काम.

मी उठले. गिरीशरावही माझ्या मागून आले.

डॉक्टरीणबाई सुदानच्या होत्या, उंच, सावळ्या, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांच्या टेबलासमोर उभी राहून मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. चिठ्ठी होती, मी काढली, मघाशी मी खोटं बोलले. त्यांनी आधी फोन उचलला. दुसरं औषध सोहारच्या मोठ्या इस्पितळातून मागवायला सांगितलं, मेधाचं रक्त पुन्हा घ्यायला लावलं, मस्कतच्या दवाखान्याचा नंबर गिरीशरावांकडून घेतला. हे सगळं झाल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं.

"चिठ्ठी कुठे लपवलीत?"

"लाडवांच्या डब्यात."

त्या म्हणाल्या, आमच्या गावांकडे गादीखाली लपवतात. सुदानच्या खेड्यांत त्यांनी बरीच वर्षं बाळंतपणं केली होती. तिथे गरोदर बायकांना या रोगाचं नावही माहीत नसतं, ज्यांना कळतं त्या नवऱ्याच्या भीतीने कार्ड लपवतात. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं सवतीने केलं. आणि तिथे हे दुसरं औषध फोन करून येत नाही. दोन दिवसांच्या वाटेवरही नसतं. लपवलेलं कार्ड बाहेर काढलं तरी पुष्कळदा उपयोग नसतो. "तुमच्याकडे रस्ता आहे, गाडी आहे, औषध अर्ध्या तासावर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या आहात ना?"

मी मान डोलावली.

औषध चारच्या आत आलं. नर्सने दुसऱ्या मांडीत सुई दिली. पोर एवढ्या जोरात रडली की खाटेवरची मेधा जागी झाली. मी समोर उभी होते, डोळे उघडे ठेवून. डॉक्टरीणबाईंनी बाळाला अंगावर पाजायला सांगितलं, हळदीबद्दल विचारलं तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. जाता जाता म्हणाल्या, मेधाच्या भावंडांची तपासणी करा. आणि आईची. तुमची. हा रोग बऱ्याचदा असाच उतरतो, आईकडून.

मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. मला कधी कावीळ झाली नाही, माझे डोळे पांढरे आहेत. बोलता बोलता मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते. मी हात पुढे केला.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. माझ्याही रक्तात होता तो. कधीपासून, कोणाकडून, हे त्यांना सांगता येईना, आणि या खेपेला मीही विचारलं नाही. आमच्या लहानपणी कंपाउंडर एकच सुई सगळ्या रांगेला टोचायचा. माझी आई चाळीशीच्या आत पोट फुगून गेली, तिला करणी केली असं सगळे म्हणत.

मग कासमच्या दुकानात जाऊन देवरूखला फोन लावला. ह्यांना सांगितलं, तुम्ही आणि मेधाचा धाकटा भाऊ, दोघं रत्नागिरीला जाऊन रक्त तपासून घ्या. कशाकरता, ते सांगितलं, आणि मेधाला ते कोणाकडून आलं, तेही. कासम तांदूळ मापत होता. तो मापायचा थांबला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

गिरीशराव गाडी पुसत होते. त्यांच्यापुढे उभी राहून मी म्हटलं, "तुमच्यात काही नव्हतं. ते माझ्याकडून आलंय. तुमचं ताट वेगळं केलं, ती माझी चूक झाली." ते पुसतच राहिले. काचेकडे बघतच म्हणाले, "आई, चिठ्ठी काढलीत तेव्हा मीही गप्प बसलो." त्यांनी मला गाडीचं दार उघडून दिलं, ऊन फार होतं म्हणून.

मेधाला सांगायचं राहिलं होतं. ते मी मस्कतला परतायच्या आदल्या दुपारी, जुबेदाच्या माजघरात सांगितलं. ती बाळाला पाजत होती. मी समोर बसले आणि रिपोर्ट, चिठ्ठी, डबा, टेबलाशी बोललेलं वाक्य, सगळं सांगितलं. तीस वर्षं इतरांना समजावून सांगितलं, पण इतकं कठीण काही कधी सांगावं लागलं नव्हतं.

तिने बाळाच्या मांडीवर, सुई टोचली होती तिथे, बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी जन्मले तेव्हा मला कोणी टोचलं नाही."

"नाही गं. तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

"हिच्या वेळी तुला माहीत होतं."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हटलं, "सांगितलं मी. दोन तास उशिरा."

"दोन तास," मेधा म्हणाली. तिने पदर सारखा केला, बाळाला उचललं आणि ढेकर काढायला माझ्या खांद्यावर दिलं.